बाळाची जीभ, थोरल्याची फट आणि लेसर: काय करावं, काय थांबवावं

प्रश्न थोडक्यात असा. बाळ पाच आठवड्यांचं आहे. अंगावर पाजताना आईला कळ मस्तकात जाते, स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत, बाळ तास तास छातीला असतं आणि तरी उपाशीच वाटतं. एका दवाखान्यात तोंड उघडून पाहिलं आणि सांगितलं की जीभ, वरचा ओठ आणि दोन्ही गाल अशा चारही ठिकाणी 'टाय' (म्हणजे हालचाल अडवणारा आखूड पडदा) आहे, एकाच बैठकीत लेसरने मोकळं करू. थोरला चार वर्षांचा. त्याला र आणि ळ म्हणता येत नाही, वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. त्याचंही त्याच दिवशी उरकून घ्या, असं सुचवलं. घरी सासूबाई म्हणतात, वेखंड मधात उगाळून चाटवा, जीभ सुटेल. काय करावं?

ताई, मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. माझ्या दवाखान्यात लेसर आहे आणि मी तो वापरते, त्यामुळे माझा लेसरला विरोध नाही हे आधीच सांगते. तुमच्या प्रश्नाची उत्तरं मात्र चार वेगवेगळी आहेत. बाळाच्या जिभेचं कदाचित करावं लागेल, पण ते ठरवण्याआधी कुणीतरी जाणत्या माणसाने तुम्ही पाजत असताना शेजारी बसून पाहायला हवं. बाळाच्या ओठाला आणि गालांना हात लावू देऊ नका. थोरल्याच्या फटीला आता काहीही करायचं नाही, आणि त्याच्या उच्चारांसाठी आधी वाचातज्ज्ञ, मग गरज पडलीच तर आम्ही. वेखंड आणि मध दोन्ही नको.

आता एकेक नीट सांगते.

जिभेखाली जो पडदा दिसतो तो प्रत्येकाला असतो. आरशात जीभ वर करून पाहा, तुम्हालाही दिसेल. पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की ही मधोमध असलेली एक वेगळी दोरी आहे. न्यूझीलंडमधल्या निकी मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शवविच्छेदन करून दाखवलं की तसं नाही. तोंडाच्या तळाशी एक पातळ आवरण सगळीकडे पसरलेलं असतं. अंथरलेली चादर मध्यावर चिमटीत धरून उचलली की जशी घडी उभी राहते, तशी जीभ वर गेली की त्या आवरणाची घडी उभी राहते. कुणाची घडी पुढे टोकापर्यंत येते, कुणाची मागेच राहते, कुणाची जाड, कुणाची पारदर्शक. आणि जिभेला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या त्या आवरणाच्या अगदी लगत खाली असतात. म्हणूनच 'अजून थोडं खोल जाऊ, मागचा टायही सोडवू' असं कुणी म्हटलं की मी सावध होते.

तेव्हा पडदा दिसतो म्हणजे आजार आहे, असं होत नाही. बघायचं असतं ते जिभेचं काम. बाळ दूध ओढतं तेव्हा जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते, स्तनाला खालून धरते आणि मग तिचा मागचा भाग खाली जातो. त्याने तोंडात पोकळी तयार होते आणि दूध खेचलं जातं. जीभ पुढे येतच नसेल तर खालची हिरडी उघडी राहते आणि बाळ हिरडीने चावल्यासारखं करतं. चिरा तिथून पडतात.

मी बाळ कसं तपासते ते सांगते, म्हणजे तुमच्या बाळाचं कसं तपासलं गेलं याच्याशी तुम्हाला ताडून पाहता येईल. आई आणि मी समोरासमोर खुर्च्यांवर गुडघ्याला गुडघे लावून बसतो. बाळाचे पाय आईकडे, डोकं माझ्या मांडीवर. दोन्ही तर्जन्या जिभेखाली घालून ती वर उचलते आणि पडदा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ताणला की जिभेच्या टोकाला खाच पडते का, ते बघते. खालच्या हिरडीवरून बोट एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवते. जीभ बोटाच्या मागे मागे वळायला हवी. मग करंगळी चोखायला देते. चांगली जीभ बोटाला खालून कवेत घेते आणि लाटेसारखी हलते. बांधलेली जीभ सारखी मागे सटकते आणि बोटावर हिरडी आपटते. बाळ रडायला लागलं की तेही बघायचं, कारण रडताना जीभ निदान तोंडाच्या मध्यापर्यंत वर उचलली जायला हवी. त्याचबरोबर टाळू फाटलेला नाही ना, हनुवटी फार लहान आणि मागे नाही ना, अंग ढिलं नाही ना, हेही पाहते. हनुवटी फार मागे असलेल्या बाळाची जीभ मोकळी केली तर ती मागे पडून श्वासाला अडथळा होऊ शकतो. असं बाळ आधी मोठ्या रुग्णालयात दाखवायचं.

हे सगळं झाल्यावर खरी तपासणी उरते, ती म्हणजे पाजताना पाहणं. बाळ छाती सोडतं त्या क्षणी स्तनाग्र कसं दिसतं? गोल असेल तर पकड बरी आहे. एका बाजूने चपटं, तिरकं, टोकाला पांढरं पडलेलं असेल तर ते हिरडीत चेपलं गेलं आहे. दर दोन-चार घोटांनंतर 'टक' असा आवाज येतो का? दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळतं का? गिळल्याचा आवाज येतो की नुसतंच चोखणं चालू आहे? यातलं काहीही न विचारता, फक्त टॉर्च मारून चार ठिकाणं मोजली असतील तर ती तपासणी अपुरी आहे.

आणि वजन. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतं, ते साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत येतं आणि पुढे तीन महिन्यांपर्यंत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढतं. दिवसातून सहा-सात वेळा भरपूर शू होत असेल, वजन या हिशोबाने चढत असेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. वजन अडकलं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे आजच जा. हातांनी किंवा पंपाने दूध काढून वाटी-चमच्याने द्या, पण बाळ उपाशी ठेवून कुणाच्याही तारखेची वाट बघू नका.

दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण जीभ नसते, पकड असते. आपल्याकडे बाळंतिणीला मांडी घालून बसवतात, बाळ मांडीवर आडवं ठेवतात आणि ती त्याच्यावर वाकून पाजते. बाळाची मान एका बाजूला वळलेली, तोंडात फक्त स्तनाग्र. अशाने कुठलंही बाळ चावेल. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं हवं, नाक स्तनाग्रासमोर, आणि तोंड जांभई देताना उघडतं तेवढं उघडल्यावरच त्याला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसणारा. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात हे सगळं बाहुली आणि प्रत्यक्ष आई दाखवून मराठीत समजावलं आहे. मोफत आहे. आज रात्रीच पाहा, आणि सासूबाईंनाही शेजारी बसवून दाखवा, कारण बाळाला धरून देणारे हात बहुतेक घरात त्यांचेच असतात.

पकड सुधारल्यावर किती फरक पडतो याचा एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. अमेरिकेत बोस्टनमध्ये जीभ कापण्यासाठी पाठवलेली ११५ नवजात बाळं आधी दूध पिण्याच्या सविस्तर तपासणीतून नेली. त्यातल्या सुमारे ६३ टक्के बाळांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच देशात रुग्णालयातल्या नोंदींनुसार टंग-टायचं, म्हणजे बांधलेल्या जिभेचं, निदान १९९७ मध्ये सुमारे ४,००० मुलांत झालं होतं, २०१२ मध्ये जवळपास ३३,००० मुलांत. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या नाहीत, आपली नजर बदलली. स्तनपान वाढलं, त्यामुळे खऱ्या अडचणीही लक्षात येऊ लागल्या, हा त्यातला चांगला भाग. पण मुंबई-पुण्यातल्या आयांच्या फोनवर तिकडचेच व्हिडिओ येतात आणि निदान आधी, तपासणी नंतर असा उलटा प्रवास इथेही सुरू झाला आहे.

मग जीभ मोकळी करून उपयोग होतो की नाही? योग्य बाळात होतो, आणि तिथे उगाच घाबरून आईने महिनोन् महिने कळा सोसू नयेत, असं मला मनापासून वाटतं. २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेने पाच चाचण्यांतली ३०२ बाळं एकत्र करून पाहिली. आईच्या स्तनाग्रांचं दुखणं लगेचच्या काळात कमी होतं, हे त्यातून दिसलं. बाळाच्या पिण्यात मात्र ठामपणे एकसारखी सुधारणा दिसली नाही. नंतर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी सुरू झाली, पण १६९ बाळांवर थांबवावी लागली. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत अंगावर पिणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं. मात्र 'कापायचं नाही' या गटातल्या बऱ्याच बाळांची जीभ पालकांनी मध्येच सोडवून घेतली होती, त्यामुळे त्या आकड्यावर फार भार देता येत नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२४ मध्ये जो अहवाल दिला तो मला व्यवहार्य वाटतो: आधी स्तनपानाची मदत, तरीही अडचण राहिली, जीभ खरोखर अडकलेली दिसली आणि दुसरं कारण नसलं, तर जिभेचा पडदा मोकळा करावा. स्तनपानासाठी ओठाचा आणि गालाचा पडदा कापू नये. आणि लेसर कात्रीपेक्षा सरस आहे याला पुरावा नाही.

हे शेवटचं वाक्य लेसर वापरणारी मी लिहिते आहे, म्हणून थोडं उलगडून सांगते. पाच-सहा आठवड्यांच्या बाळाचा पातळ पडदा कात्रीने सोडवायला काही सेकंद लागतात. बाळ दुपट्यात गुंडाळायचं, साखरेचं पाणी जिभेवर द्यायचं, पडदा ताणून धरायचा, एक छेद, कापसाच्या बोळ्याने दाब आणि लगेच आईच्या छातीला. रक्ताचे थेंब येतात, बाळ प्यायला लागलं की थांबतात. लेसरला याहून जास्त वेळ लागतो, आणि हलणाऱ्या बाळाच्या तोंडात तेवढा वेळ टोक स्थिर धरावं लागतं.

लेसरही सगळे सारखे नसतात. दवाखान्यांमध्ये सर्वाधिक दिसतो तो डायोड, कारण तो लहान आणि तुलनेने स्वस्त. त्याचं काचेच्या तंतूचं टोक तापतं आणि त्या तापलेल्या टोकाने पडदा कापला जातो. म्हणजे काम बऱ्याच अंशी उष्णतेचं असतं आणि ती आजूबाजूला पसरू शकते. कार्बन डायऑक्साइड आणि अर्बियम लेसर पेशींतल्या पाण्यात शोषले जातात, त्यामुळे नीट वापरल्यास भाजण्याची खोली कमी राहते. पण ती यंत्रं महाग, आणि ती असलेले दवाखाने मोजके. कुठलाही लेसर असो, बाळाच्या डोळ्यांवर संरक्षक झाकण हवंच, धूर ओढणारा सक्शन हवा. 'लेसरने दुखत नाही' असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. छेद होताना कमी रक्त येतं आणि टाके लागत नाहीत, एवढं खरं. जखम दोन्हींत होते आणि नंतर दुखतं दोन्हींत.

लेसरचा खरा फायदा मला दिसतो तो थोड्या मोठ्या मुलात, जिथे पडदा जाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, मूल शांत बसून सुन्न करू देतं आणि कोरड्या जागेत मला नेमकं दिसायला हवं असतं. पडदा फारच आखूड आणि जाड असेल तर पूर्ण भूल देऊन, टाके घालून, जागेची रचना बदलावी लागते, आणि तिथे साधा लेसर पुरत नाही.

करायचं ठरलंच तर डॉक्टरांना काही गोष्टी सरळ विचारा. जन्मल्यावर बाळाला रक्त गोठण्यासाठीचं व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, हे फाइलमध्ये बघा. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर आधी सांगा. सुन्न करायला हिरडीवर लावायचं बेंझोकेन जेल दोन वर्षांखालच्या मुलाला नको, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. जिभेच्या खाली लाळेच्या नळ्यांची दोन बारीक तोंडं असतात, ती कशी जपणार ते विचारा. आणि झाल्यावर पाजण्याच्या मदतीसाठी कोण आहे ते विचारा. या प्रश्नांना शांतपणे उत्तर देणाऱ्याकडेच बाळ द्या.

नंतर जिभेखाली पांढरा-पिवळसर, पत्त्यातल्या चौकटीसारखा डाग दिसेल. तो पू नाही, जखम भरण्याचा थर आहे. एक-दोन आठवड्यांत जातो. पुसू नका, खरवडू नका. दिवसातून अनेक वेळा बोटाने जखम ताणायचे 'व्यायाम' सांगितले जातात. मी लहान बाळात ते सांगत नाही. त्याने जखम परत चिकटत नाही याला चांगला पुरावा नाही, आणि रोज तोंडात बोट घालून दुखवलं की काही बाळं तोंडाजवळ काही आलं तरी मान फिरवतात, अगदी छातीसुद्धा. बाळाला व्यायाम द्यायचा तर पाजा. दुखण्यावरचं औषध बालरोगतज्ज्ञांनी वजनावरून दिलं तेवढंच. रक्त थांबत नसेल, बाळ काही तास प्यायलाच नकार देत असेल किंवा ताप आला तर लगेच दाखवा.

वेखंडाचं सासूबाईंना हळूच सांगा. त्यांचा हेतू मायेचाच आहे. पण पडदा चाटणाने सुटत नाही. वेखंडातलं असारोन हे द्रव्य घातक ठरू शकतं म्हणून अमेरिकेत ते १९६८ पासून खाण्यात वापरायला बंदी आहे, आणि मधामुळे एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. त्यांना दुसरं काम द्या: पाजताना बाळाची पाठ आणि मानेचा आधार धरायचं. त्याचा खरा उपयोग होईल.

आता वरचा ओठ. ओठ आणि हिरडी जोडणारा पडदा लहान बाळांमध्ये खाली, अगदी हिरडीच्या कडेपर्यंत असतो. ती त्या वयाची नेहमीची रचना आहे. जबडा वाढतो, दात येतात, तसतसा तो वर सरकत जातो. दूध ओढताना वरचा ओठ बाहेर उलटा वळायलाच हवा असं नाही. तो नुसता टेकलेला असला तरी पुरतो. गालातल्या पडद्यांचं तर स्तनपानाशी नातं जोडायला मला काहीच आधार दिसत नाही. चार ठिकाणी जखमा केल्या की बाळाला चार ठिकाणी दुखतं, एवढंच निश्चित.

थोरल्याची फट पाहून वाईट वाटून घेऊ नका. दुधाच्या दातांत फटी असणं चांगलं, कारण पुढे येणारे पक्के दात रुंद असतात आणि त्यांना जागा लागते. सातव्या-आठव्या वर्षी पक्के मधले दात येतील तेही बऱ्याचदा फटीसह, बाहेर कलून येतील; फोटोत ते तुम्हाला विचित्र वाटेल. मग शेजारचे दात, आणि अकरा-बाराव्या वर्षी सुळे उतरताना ते ढकलून ती फट बहुतेक मुलांत आपोआप मिटवतात. त्यानंतरही मोठी फट राहिली आणि ओठ ओढल्यावर दातांमधली हिरडी पांढरी पडत असेल, तर आधी तारांनी दात जवळ आणायचे आणि मग पडदा काढायचा. आत्ता काढला तर तिथे तयार होणारा घट्ट वण पुढे दात जवळ यायला उलट आड येऊ शकतो. चार वर्षांच्या मुलाला खुर्चीत पहिला अनुभव इंजेक्शन आणि जळल्याच्या वासाचा द्यायचा, तेही गरज नसताना, हे मला पटत नाही. पुढच्या दातांना कीड असेल तर तिचं कारणही बहुधा हा पडदा नसून रात्री झोपेत चालू असलेली बाटली असते. घासताना तर्जनी त्या पडद्यावर आडवी ठेवा, ब्रश तिथे लागून दुखणार नाही.

राहिले उच्चार. टंग-टायमुळे मूल बोलायला उशिरा लागत नाही. तीन वर्षांचं मूल बोलतच नसेल तर जीभ बघण्याआधी कान तपासा, ते डोळ्यांत बघतं का, बोट दाखवतं का हे बघा. तुमचा थोरला बोलतो, फक्त र आणि ळ अडतात. आपल्या भाषेत ट, ड, ण, ळ असे जिभेचं टोक वर वळवून म्हणायचे आवाज भरपूर आहेत, त्यामुळे मराठी घरात ही काळजी लवकर सुरू होते. पण र आणि ळ हे उशिराच पक्के होणारे आवाज आहेत आणि चौथ्या वर्षी ते कच्चे असणं वयाला धरूनच आहे. घरी एवढं पाहा: तोंड मोठं उघडून त्याला जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवता येतं का? वरच्या ओठाला लावलेलं श्रीखंड चाटता येतं का? घोड्याच्या टापांसारखा टक्‌टक् आवाज काढता येतो का? 'ल ल ल' न थांबता म्हणता येतं का? हे जमत असेल तर जीभ मोकळी आहे आणि प्रश्न सवयीचा आहे. शाळा, फळा, केळं, डोळा असे शब्द तुम्ही स्वतः स्पष्ट म्हणत राहा, त्याला चुकला म्हणून थांबवून पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका.

टोक वर जातच नसेल, बाहेर काढलेली जीभ खालच्या ओठाच्या पुढे येत नसेल, घास गालात फिरवता येत नसेल, तर वाचातज्ज्ञांना दाखवा. मुंबईत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, कान आणि वाचा दोन्ही तिथे तपासून मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयात डीईआयसी केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं जिल्हा केंद्र) आहे का ते विचारा. वाचातज्ज्ञांनी लेखी दिलं की जिभेची हालचाल उच्चारांच्या आड येते आहे, तर मी थोरल्याची जीभ लेसरने सोडवायला तयार असते, पण त्याच महिन्यात वाचा-व्यायामही सुरू होणार असतील तरच. नुसती जीभ सोडवली तर तो जुन्याच पद्धतीने बोलत राहतो.

या आठवड्यात तुमच्यासाठी क्रम असा: उद्या बाळाचं वजन; मग ज्यांनी पाजताना शेजारी बसून पाहावं अशा स्तनपान-सल्लागाराची किंवा प्रसूती झालेल्या रुग्णालयातल्या परिचारिकेची भेट; पकड सुधारूनही चार-पाच दिवसांत दुखणं तसंच राहिलं आणि जीभ खरंच अडकलेली दिसली, तर फक्त जिभेचा पडदा, कात्रीने किंवा लेसरने, ज्याचा हात त्या डॉक्टरांना बसला आहे त्याने. थोरल्याला दर सहा महिन्यांनी दात दाखवायला आणा, आणि फटीचा विषय त्याचे सुळे उतरेपर्यंत बाजूला ठेवा.